बॉटल पाम दर वर्षी पिवळा पडतो? आधी कोणतं पान पिवळं पडलंय ते बघा

दिवाळीच्या आसपास ही तक्रार हमखास कानावर येते. दारातला बॉटल पाम पिवळा पडलाय, पानांची टोकं करपलीत, मागच्या वर्षीही असंच झालं होतं, औषध मारलं, जरा बरं वाटलं, आता परत तेच. कोल्हापुरातली रुईकर कॉलनी असो, ताराबाई पार्क असो नाहीतर पाचगाव-कळंब्याकडचे नवे प्लॉट असोत, झाडाची कथा तीच असते आणि करून झालेले उपायही तेच. पाणी वाढवलं, मग कमी केलं, युरिया टाकला, बुरशीनाशक फवारलं, पिवळी पानं कापून टाकली. यातला शेवटचा उपाय सगळ्यात घातक आहे, आणि तो झाडून सगळे करतात.

बॉटल पाम म्हणजे खाली घागरीसारखा फुगलेला, वर एकदम बारीक मान असलेला, चार-सहा पानांचा बुटका पाम. हॉलच्या फाटकाशी, बँकेच्या आवारात, पेट्रोल पंपावर जोडीजोडीने उभा असतो. मूळचा मॉरिशसचा. इतका सर्रास दिसतो की त्याच्या मूळ जागी तो जवळजवळ संपला होता हे सांगितलं तर लोक हसतात. त्याबद्दल पुढे येईनच, कारण झाड जगवणं आणि त्याचं बी सांभाळणं या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत. आधी दारातलं झाड वाचवूया.

पहिली गोष्ट म्हणजे 'झाड पिवळं पडलंय' एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. पिवळेपणा सगळ्यात खालच्या, जुन्या पानांवर आहे की वरच्या, नव्या पानांवर, हे बघायचं. निम्मं निदान तिथेच होतं. पालाश, म्हणजे आपण पोटॅश म्हणतो ते, आणि मॅग्नेशियम ही दोन अन्नद्रव्यं झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानात नेता येतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानातून उचलून नव्याला देतं, म्हणून खुणा खाली दिसतात. लोह आणि मँगनीज अशी हलवता येत नाहीत. ती कमी पडली की नवं पानच आजारी निघतं. माळीमामांना हे सांगितलं की ते मान डोलावतात आणि कोयता घेऊन खालचं पान उतरवायला जातात, पण त्यावर नंतर बोलू.

कोल्हापुरात मी जे पिवळे बॉटल पाम बघतो, त्यातल्या बहुतेकांचा रोग एकच, पोटॅशची उपासमार. खात्री कशी करायची? सगळ्यात खालचं पान उन्हाकडे धरा. पान तोडू नका, फक्त हाताने वर उचलून त्यातून ऊन बघा. पातीवर पिवळे-नारिंगी बारीक ठिपके दिसतील, आणि ते तेलाचा डाग पडलेल्या कागदासारखे अर्धपारदर्शक असतील. नुसतं वरून बघितलं तर हे ठिपके नजरेतून सुटतात, उन्हात धरल्यावर मात्र पातीभर चांदणं पडल्यासारखे उठून दिसतात. पातीची टोकं तपकिरी, वाळलेली, जरा वळलेली असतात. पानाच्या देठाकडचा भाग त्या मानाने हिरवा आणि टोकाकडचा भाग खराब, असा उतार असतो. हे चित्र जुळलं तर बुरशीनाशकाची बाटली परत ठेवून द्या. पानावर ठिपके म्हणजे बुरशीच, ही आपल्याकडची ठाम समजूत आहे, आणि औषधाच्या दुकानात तर ती आणखी ठाम असते.

मॅग्नेशियमची कमतरता वेगळी दिसते. जुन्याच पानावर, पण पानाच्या दोन्ही कडांना रुंद, लिंबासारखा पिवळा पट्टा आणि मधला भाग स्वच्छ हिरवा. ठिपके नाहीत. पुष्कळदा दोन्ही कमतरता एकत्र असतात, आणि एकाची भर घालताना दुसरी वाढते, म्हणून औषध जोडीनेच द्यायचं.

आता हुशार वाचक विचारेल की आपली काळी माती तर पोटॅशने भरलेली असते, माती परीक्षणात 'पालाश भरपूर' असाच शेरा येतो, मग ही उपासमार आली कुठून? शंका रास्त आहे. पण बंगल्याच्या बागेत काळी माती असतेच कुठे? पायाचा मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा आणि वर ट्रॉलीने आणून पसरलेली सहा इंच लाल माती. ही लाल माती पश्चिमेकडच्या जांभ्याच्या पट्ट्यातली असेल तर पावसाने धुऊन धुऊन आधीच निकस झालेली असते. त्यावर लॉन, लॉनला युरिया. नत्राने झाड जोमाने वाढायला लागतं आणि होता तेवढा पोटॅश नव्या वाढीत खर्च होतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम मुळाशी पोटॅशची वाट अडवतं, ते वेगळंच. जून ते सप्टेंबर पाऊस उरलेलं धुऊन नेतो, आणि दिवाळीला आपण विचारतो की झाड पिवळं का पडलं.

शिवाय पामच्या बाबतीत माती परीक्षणावर फार विसंबू नये. पामच्या पोषणावर फ्लोरिडा विद्यापीठाने बराच अभ्यास केलाय आणि त्यांचंही म्हणणं असं की मातीतला पालाशचा आकडा आणि पामच्या पानावरची कमतरता यांचा मेळ फारसा बसत नाही. पान बघून ठरवणं जास्त खात्रीचं. बॉटल पाम आणि त्याचा भाऊ स्पिंडल पाम हे तर पोटॅशच्या कमतरतेला लवकर बळी पडणाऱ्या पामांमध्ये मोडतात. 

कोयत्याचं आता सांगतो. नागाळा पार्कातल्या एका बंगल्यात झाडाखाली उभा होतो. काकूंनी माळीमामांना विचारलं, "मामा, हे पान का कापता?" मामा म्हणाले, "अवो काकू, पिवळं पान ठिवून काय करायचंय? झाडाची ताकद खातंय ते." पाहुण्यांसमोर बाग नीटनेटकी दिसावी हाही हेतू असतोच. पण हिशोब नेमका उलटा आहे. पिवळं जुनं पान झाडाची कणगी असते. त्यातला पोटॅश काढून झाड वरच्या पानांना पुरवत असतं. ते पान कापलं की कणगीच गेली, मग झाड त्याच्या वरच्या पानातून काढायला लागतं, ते पिवळं पडतं, आपण तेही कापतो. नारळाला पंचवीस-तीस पानं असतात, त्याला एखाद्या पानाचं काही वाटत नाही. बॉटल पामला एका वेळी मोजकी चार-सहा पानं. दोन कापली तर निम्मा संसार गेला. असं सलग काही वर्षं चाललं की नवं पान लहान येतं, बुंध्याची मान बारीक होत जाते, पेन्सिलला टोक काढल्यासारखी, आणि एका पावसाळ्यात झाड बसतं. मग सगळे म्हणतात की रोग पडला.

नियम साधा आहे. पान पूर्ण तपकिरी होऊन वाळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. वाळलेलं पान बॉटल पाम आपणहून सोडतो, नुसतं ओढलं तरी हिरव्या गुळगुळीत देठाच्या आवरणासकट सुटून येतं. सुटत नसेल तर अजून वेळ आहे. पाहुणे येणार असतील तर फक्त करपलेली टोकं कात्रीने छाटा.

औषध काय द्यायचं? उसाची खतं बागेत वापरायची नाहीत, एवढं केलं तरी अर्धं काम झालं. आपल्या जिल्ह्यात प्रत्येकाच्या घरी, नाहीतर मेहुण्याच्या घरी, ऊस असतोच. त्यामुळे युरिया, डीएपी आणि १०:२६:२६ (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाशचे) फुकटात उपलब्ध. पामला स्फुरद अगदी कमी लागतं. फ्लोरिडाची शिफारस नत्र ८, स्फुरद २, पालाश १२ आणि मॅग्नेशियम ४ अशा प्रमाणाची आहे. १९:१९:१९ हे सगळीकडे मिळणारं खतही त्या दृष्टीने पामसाठी चुकीचंच, कारण त्यात पालाश नत्राएवढाच आहे.

मी सांगतो ते असं. सल्फेट ऑफ पोटॅश, दुकानात एसओपी किंवा ००:००:५० म्हणून मिळतं. पुरुषभर उंचीच्या झाडाला साधारण १०० ग्रॅम आणि त्याच्या निम्मं मॅग्नेशियम सल्फेट, दर तीन महिन्यांनी. पावसाळ्यात हेच प्रमाण दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यायचं, कारण हे खत लगेच विरघळतं आणि एका जोराच्या सरीत गटाराला लागतं. बुंध्याला चिकटून टाकायचं नाही. फूट-दीड फूट सोडून, जिथवर पानांची सावली पडते तिथवर पसरायचं आणि वर पाणी द्यायचं. स्वस्तातलं म्युरिएट ऑफ पोटॅश एखाद्या वेळी चालेल, पण त्यात क्लोराइड असतं. बोअरचं पाणी आधीच खारट असेल तर त्यात भर नको. साखर कारखान्याचं मोलॅसिसपासून बनवलेलं पोटॅश, पीडीएम, हल्ली मिळतं. त्यात पालाश १४.५ टक्के, त्यामुळे मात्रा जास्त लागते. उसाला ठीक आहे, चार झाडांच्या बागेसाठी मी त्याच्या मागे लागणार नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणाची राख पोटॅशसाठी टाकतात. राखेत पोटॅश असतो हे खरं, पण ती मातीचा सामू, म्हणजे पीएच, वर ढकलते आणि मग पुढे सांगतोय तो दुसराच घोळ सुरू होतो. केळीच्या सालींचं पाणी वगैरे करत असाल तर करा, झाडाला अपाय नाही. उपायही नाही.

आणि धीर धरा. सगळ्यात जास्त निराशा इथे होते. पिवळं झालेलं पान कितीही पोटॅश दिला तरी हिरवं होत नाही. नवी पानं निरोगी येतात आणि जुनी गळून त्यांची जागा घेतात, तेव्हा झाड बरं दिसतं. बॉटल पामला वर्षाला मोजकीच पानं येतात, म्हणजे पूर्ण झाड पालटायला एक-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. महिनाभरात फरक पडला नाही म्हणून खत दुप्पट करणारे आणि खत बंद करणारे, दोघंही पुढच्या दिवाळीला परत तीच तक्रार घेऊन येतात. पानावर पोटॅशची फवारणी करून हे भागत नाही, पानातून जातं ते फारच थोडं.

नवं पान पिवळं असेल तर गोष्ट वेगळी आहे. सगळ्यात वरचं पान फिकट, जवळजवळ पांढुरकं पिवळं, आणि खालची पानं त्यामानाने हिरवी, असं असेल तर लोहाची कमतरता. पण लोह मातीत नसतं म्हणून नाही, मुळं गुदमरलेली असतात म्हणून. कारण शोधायला झाडाच्या बुडाशी उकरून बघा. दोन गोष्टी वारंवार सापडतात.

एक, झाड खोल लावलेलं असतं. बॉटल पामचा फुगवटा जमिनीच्या वर दिसायला हवा. आपल्याकडे वाऱ्याने हलू नये म्हणून निम्मा फुगवटा पुरतात, वर पेव्हर ब्लॉक बसवताना आणखी चार इंच भर पडते. दोन, रोपाचा लाल मातीचा गोळा. शोभेची मोठी झाडं बरीचशी आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून ट्रकने येतात, मुळाभोवती घट्ट चिकण लाल मातीचा गोळा आणि वर पोतं. तो गोळा तसाच वेगळ्या मातीच्या खड्ड्यात बसवला की दोन माती एकमेकींशी बोलत नाहीत. वरून पाणी घातलं तर एकतर गोळा आत कोरडाच राहतो, नाहीतर खड्डा पाण्याने भरतो आणि गोळा त्यात बसून राहतो. सळई खुपसून बघितलं की लगेच कळतं. बाहेर चिखल, आत ढेकूळ, किंवा याच्या उलट.

यावर उपाय लावतानाच करायचा. खड्डा खोल नको, रुंद हवा. जमिनीपेक्षा हातभर उंच वरंबा किंवा गादी करून त्यावर झाड बसवायचं, पोतं आणि सुतळी पूर्ण काढायची, गोळ्याच्या कडेची माती हाताने मोकळी करून मुळांची टोकं बाहेरच्या मातीत जातील असं बघायचं. हा पाम मूळचा खडकाळ, उघड्या उतारावरचा. त्याला पाणी हवं असतं, पण उभं पाणी नको. आधीच खोल लावलेलं असेल आणि झाड लहान असेल तर हिवाळा संपता संपता काढून वर घ्या. मोठं असेल तर फुगवट्याभोवतीची जादाची माती आणि ब्लॉक काढून फुगवटा उघडा करा, पण तिथे पाणी साचणार नाही असा एका बाजूने उतार द्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या बागेत पाणी थांबलं, त्यांनी ही मुळांची तपासणी आधी करावी आणि खताचा विचार नंतर.

नवं पान आकाराने लहान, सुरकुतलेलं, चुरगळून सरळ केलेल्या कागदासारखं, टोकं करपलेली, असं निघत असेल तर ते मँगनीज. चुनखडीची माती, सिमेंटच्या राड्याचा भराव किंवा वर्षानुवर्षं दिलेलं बोअरचं पाणी यामुळे सामू वाढतो आणि मँगनीज असूनही मुळांना मिळत नाही. राख इथेच नडते. मँगनीज सल्फेट लिटरला दोन-तीन ग्रॅम पाण्यात घालून नव्या पानावर आणि कोंबावर फवारायचं, थोडं मुळाशीही द्यायचं. यात दिरंगाई नको. पोटॅशची उपासमार झाडाला वर्षानुवर्षं झुलवत ठेवते, मँगनीजची कमतरता कोंब मारू शकते.

कोंबावरून आठवलं. ही सगळ्यात तातडीची वेळ. पामला वाढीचा डोळा एकच, शेंड्यातला. तो गेला की झाड गेलं, बुंध्यातून दुसरा फुटवा येत नाही. जुलै-ऑगस्टच्या झडीत मधलं न उलगडलेलं पान, ज्याला आपण सुई म्हणतो, ते मलूल होऊन एका बाजूला कलतं. दोन बोटांत धरून हलकेच ओढा. निरोगी असेल तर हलणार नाही. सहज सुटून हातात आलं, बुडाशी तपकिरी चिकट झालं असेल आणि सडक्या मांसासारखा वास आला, तर कोंबकूज. नारळवाले हा वास ओळखतात. सडलेला भाग धारदार, स्वच्छ सुरीने निरोगी भाग लागेपर्यंत काढायचा, तिथे १ टक्का बोर्डो मिश्रण किंवा लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड ओतायचं आणि शेंड्यावर पावसाचं पाणी थेट पडणार नाही असं झाकायचं, हवा मात्र खेळती ठेवून. बोर्डो ताजं करायचं, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी हे प्रमाण, घरी त्याच्या शंभराव्या भागाने दहा-दहा ग्रॅम आणि एक लिटर. प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडी भांडं नको. खरं सांगायचं तर सुई सुटून हातात येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ज्यांच्याकडे हे एकदा झालंय त्यांनी मिरगाच्या आधी आणि पावसाच्या मध्यावर उघडीप बघून शेंड्यात बोर्डो ओतावं. स्प्रिंकलरचं पाणी शेंड्यावर पडत असेल तर त्याचं तोंड आजच फिरवा.

पानं उलगडल्यावर कात्रीने व्ही आकारात कापल्यासारखी दिसली तर गेंडा भुंगा. तो शेंड्यात भोक पाडून आत शिरतो आणि न उलगडलेलं पान कुरतडतो. आकड्याची तार घालून बाहेर काढायचा. पण त्याचं घर तुमच्या बागेतच असतं, कोपऱ्यातला शेणखताचा नाहीतर प्रेसमडचा, म्हणजे साखर कारखान्याच्या मळीचा, ढीग. ढीग पालथा करून बघा, मोठ्या हुमणीसारख्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या तर त्या कोंबड्यांना घाला. ढिगात मेटारायझियम बुरशी मिसळली तर अळ्यांचा पुढचा फेरा आटोक्यात राहतो. आणि गवत कापायच्या मशीनची दोरी बुंध्यावर लागू देऊ नका. पामच्या बुंध्याची जखम आंब्यासारखी भरून येत नाही, ती कायमची राहते आणि भुंग्याला नाहीतर बुरशीला दार मिळतं.

काही गोष्टींना समस्या समजू नका. वर्षातून एखादं खालचं पान पिवळं होऊन वाळणं हे वय. लहान रोपाचे देठ आणि पानांच्या कडा तांबूस-लाल असणं हा त्या रोपाचा रंगच आहे, त्यावर पोटॅश ओतायची गरज नाही. हिवाळ्यात वाढ थांबल्यासारखी वाटते, तेही ठीक. कोल्हापूरची थंडी या झाडाला सहज झेपते. आणि समुद्राकाठचं झाड असल्याने थोडाफार क्षारही सोसतं. त्यामुळे शिरोळकडच्या चोपण जमिनीतल्या मित्रांनी प्रत्येक करपलेल्या टोकाचं खापर क्षारावर फोडू नये. आधी पान उन्हाकडे धरून बघावं.

आता मॉरिशसचं. मॉरिशसच्या उत्तरेला बावीसेक किलोमीटरवर समुद्रात राउंड आयलंड नावाचं बेट आहे, सव्वादोनशे हेक्टरच्या आतबाहेर, नुसता ज्वालामुखीच्या राखेच्या खडकाचा डोंगर. जंगलातला बॉटल पाम आज फक्त तिथे उरलाय. एकोणिसाव्या शतकात बेटावर शेळ्या आणि ससे सोडले गेले. त्यांनी एकही रोप वाढू दिलं नाही, झाडोरा गेला, पाठोपाठ माती पावसात समुद्राला मिळाली. जुनी झाडं उभी होती, पण खाली नव्या पिढीचं एकही रोप नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या मोठ्या बॉटल पामांची संख्या बोटांवर मोजण्याएवढी उरली होती. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे पूर्ण हटवले, आणि मग रोपं आपली आपण उगवायला लागली. पुढे अल्डाब्राची मोठी कासवंही आणून सोडली, कारण मॉरिशसची मूळची मोठी कासवं कधीच नामशेष झाली होती आणि फळं खाऊन बी पसरवायला, गवत चरायला कोणीतरी हवं होतं. आयुसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत हा पाम 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या गोतातला दुसरा एक पाम, हायोफोर्ब अमॅरिकॉलिस, मॉरिशसमध्येच क्युरपिपच्या वनस्पती उद्यानात आहे. जगात त्याचं माहीत असलेलं झाड ते एकच. त्याची नर आणि मादी फुलं एका वेळी उमलत नाहीत, त्यामुळे एकटं झाड स्वतःचं बी धरू शकत नाही.

रत्नागिरीकडून गेलेल्या मराठी कामकऱ्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणून नांदतात. कोल्हापूरच्या बागेत त्या बेटाचं झाड असणं म्हणूनच मला परकं वाटत नाही.

पण आपल्या दारात जोडीने उभे असलेले पाम म्हणजे त्या जातीचं संवर्धन झालं असं मानू नका. नर्सरीतली रोपं कुठल्या झाडाच्या बियांची, हे कोणालाच माहीत नसतं. त्यातून मोठी भानगड म्हणजे संकर. बॉटल पाम आणि रॉड्रिग्ज बेटावरचा स्पिंडल पाम, तोही तिथे तितकाच दुर्मिळ, हे शेजारी लावले तर त्यांचा संकर होतो. आपल्याकडे तर दोन्ही एकाच नावाने विकले जातात. ओळख सोपी आहे. बॉटल पाम तळाशीच फुगलेला आणि मग एकदम मान. स्पिंडल तळाशी बारीक, मध्ये जाड, वर परत बारीक, चातीसारखा. स्पिंडलची पानांखालची गुळगुळीत नळी निळसर झाक मारते, बॉटलची हिरवी. लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून लहान रोप घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, त्याचा मातृवृक्ष दाखवायला सांगा. दाखवता येत नसेल तर शोभेला घ्या, बियांसाठी नको.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने सह्याद्रीतली कंदीलपुष्पं आपल्या उद्यानात जपलीत. कोणत्या जातीचं रोप कुठल्या डोंगरावरून आलं याची नोंद ठेवल्याशिवाय तसलं काम होतच नाही. घरच्या बागेतही तेवढंच पुरे. रोप कुठून आणलं, कधी लावलं, जवळपास स्पिंडल आहे का, पहिला फुलोरा कधी आला. एका वहीत चार ओळी.

बी धरायचं असेल तर बॉटल पाम एकटा न लावता तीन-चार लावा, आणि ते एकाच झाडाच्या बियांचे नसलेले बरे. नर फुलं आधी उमलतात, मादी नंतर, त्यामुळे एकाच झाडावर परागीभवन क्वचितच जुळतं. दोन-तीन झाडं वेगवेगळ्या वेळी फुलत असतील तर एकाचा पराग दुसऱ्याला मिळतो. फुलोऱ्याच्या कळ्या पानांच्या नळीखाली शिंगांसारख्या वर उभ्या असतात. माळ्याला त्या खराब पानाचे देठ वाटतात आणि तो छाटून टाकतो, त्याला आधी सांगून ठेवा.

फळं हिरवी असताना तोडू नका. नारिंगीवरून काळपट झाली आणि हात लावताच गळायला लागली की घ्या. गर काढताना हातमोजे घाला, पामच्या बऱ्याच फळांचा गर खाजतो. बी दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, तरंगणारी फेकून द्या. ओलसर कोकोपीट, पिळल्यावर पाणी गळणार नाही इतकंच ओलं, झिपच्या पिशवीत भरून त्यात बी पुरा आणि गच्चीवर, पण सावलीत, उबदार जागी ठेवा. उन्हाळा यासाठी उत्तम. बी वाळवून डब्यात ठेवू नका, ताजंच लावायचं. चार-सहा महिने काही दिसत नाही, कधी त्याहून जास्त. पिशवी उघडून रोज बघू नका. मूळ पिशवीत दिसलं की खोल, अरुंद कुंडीत लावा, कारण पहिलं मूळ सरळ खाली जातं. दुपारचं कडक ऊन पहिली दोन वर्षं नको. पिशवीवर आईझाडाचं ठिकाण आणि बी लावल्याची तारीख पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घाला. बॉलपेनची शाई पाण्यात पुसते आणि पेन्सिल टिकते, हे रोपवाटिकेतल्या कोणत्याही बाईला विचारा.